कुत्रा वाचला ते नशीब! डुकरांच्या एका छुप्या रोगाची गोष्ट

गेल्या पावसाळ्याच्या तोंडची गोष्ट. तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी रामनगरच्या बाजूच्या एका वाडीतला विद्यार्थी दाराशी घुटमळत उभा होता. फीबद्दल काही बोलायचे असेल असे वाटले. बोलायचे फीबद्दलच होते, पण वेगळ्या वाटेने.

"सर, आमची डुकरीण व्याली होती. नऊ पिल्ले झाली. सहा दिवसांत आठ गेली."

ती पिल्ले दोन-अडीच महिन्यांची झाली की विकायची आणि त्यातून याची फी भरायची, असा घरचा हिशोब होता. आमच्या सुपा-जोयडा भागात अनेक घरांत डुकरीण म्हणजे बँकेतली ठेव असते. लग्न निघाले, आजारपण आले, शाळा-कॉलेज सुरू झाले की ही ठेव मोडायची.

"डॉक्टरांना दाखवले का रे?"

"रविवार होता सर. सोमवारपर्यंत पाच मेली होती. आजी म्हणाली, दृष्ट लागली."

"आणि मेलेल्या पिल्लांचे काय केले?"

"सहा पुरली. दोन कुत्र्याला घातली. टाकून कशाला द्यायची, म्हणून."

"कुत्रा कसा आहे?"

"बरा आहे की! का सर?"

त्या 'का'चे उत्तर मला त्या दिवशी नीट देता आले नाही. मी काही जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण प्रश्न मनात राहिला, म्हणून वाचत गेलो आणि जाणकारांना विचारत गेलो. त्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवत आहे. ज्यांच्या घरी डुकरे आहेत त्यांनी तर ते वाचावेच. पण ज्यांच्या दारात कुत्रा आहे, गोठ्यात गाय आहे आणि मागच्या बाजूला रान आहे, त्यांनीही वाचावे. म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांनीच!

वेडी खाज

अमेरिकेत १८१३ सालापासून गुरांच्या एका विचित्र आजाराचे उल्लेख सापडतात. चांगली चरणारी गाय अचानक अंग खांबाला घासू लागे, एकच जागा चाटत राही, चावत राही. कातडी सोलून रक्त आले तरी थांबत नसे, आणि एक-दोन दिवसांत मरून जाई. शेतकऱ्यांनी त्याला नावच दिले होते 'मॅड इच', म्हणजे वेडी खाज.

पुढे १९०२ साली हंगेरीत बुडापेस्ट येथे अलादार औयेस्की नावाच्या पशुवैद्यक प्राध्यापकाने एक बैल, एक कुत्रा आणि एक मांजर यांच्या अशाच मृत्यूंचा अभ्यास केला. लोकांना वाटत होते की ही जनावरे पिसाळली. औयेस्की यांनी त्यांच्यापासून घेतलेला नमुना सशांना टोचला. ससे खाजवून खाजवून मेले, पण पिसाळ रोगापेक्षा फार लवकर मेले. हा रोग पिसाळीसारखा दिसतो, पण पिसाळ नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून त्याला 'स्यूडोरेबीज' म्हणजे खोटी पिसाळ हे नाव मिळाले. शोधणाऱ्याच्या नावावरून 'औयेस्की रोग' असेही म्हणतात.

आता प्रश्न असा, की गायीला किंवा कुत्र्याला हा रोग येतो कुठून? खाजेने मरणाऱ्या गायीपासून शेजारच्या गायीला तो सहसा लागत नाही. कुत्र्यापासून कुत्र्यालाही सहसा नाही. म्हणजे कुणीतरी तिसरा तो सांभाळून ठेवत असला पाहिजे.

हा तिसरा शोधून काढला तो रिचर्ड शोप या अमेरिकन शास्त्रज्ञाने. अमेरिकेतली 'वेडी खाज' आणि हंगेरीतला औयेस्की रोग एकच आहेत हे त्यांनी १९३१ साली सिद्ध केले. आयोवा राज्यात गुरे आणि डुकरे एकाच आवारात ठेवण्याची पद्धत होती. शोप यांना विषाणू सापडला तो डुकरांच्या नाकात. ती डुकरे फारशी आजारी नव्हती, खात-पीत होती. गायीच्या अंगावरच्या खरचटलेल्या जागी अशा डुकराचे नाक लागले की तेवढे पुरत असे.

थोडक्यात, डुक्कर हे या विषाणूचे घर आहे आणि बाकीची जनावरे त्याचे बळी आहेत. या रोगाची सगळी गंमत आणि सगळा धोका या एका वाक्यात आहे.

नागिणीचा भाऊबंद

हा विषाणू हर्पिस कुळातला आहे. हे कूळ आपल्याला अनोळखी नाही. लहानपणी कांजिण्या येतात, बऱ्या होतात, आपण विसरून जातो. आणि पन्नाशी-साठीत कधीतरी कमरेवर किंवा छातीवर आग होणाऱ्या फोडांचा पट्टा उठतो. मराठीत आपण त्याला नागीण म्हणतो, कन्नडमध्ये सर्पसुत्तु. नागीण बाहेरून येत नाही. कांजिण्यांचाच विषाणू इतकी वर्षे मज्जातंतूंच्या गाठींत लपून बसलेला असतो, तो शरीराची ताकद कमी झाली की बाहेर पडतो. डुकरातला हा विषाणू शास्त्रीय वर्गीकरणात कांजिण्यांच्या विषाणूच्याच गणात बसतो. त्यामुळे लपून बसण्याची विद्या याच्याही रक्तात आहे.

तो शरीरात शिरतो नाकातून किंवा तोंडातून. नाकाच्या आतल्या त्वचेत आणि घशाजवळच्या टॉन्सिलमध्ये त्याची संख्या वाढते. तिथून तो मज्जातंतूंची वाट धरतो आणि मेंदूकडे निघतो. त्या डुकराचे पुढे काय होणार, हे मुख्यतः त्याच्या वयावर ठरते.

दोन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांची प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते. त्यांना ताप येतो, दूध सुटते, अंग थरथरते, तोल जातो. काही कुत्र्यासारखी पुठ्ठ्यावर बसतात, काही आडवी पडून पाय मारत राहतात. मग फेफरे येते आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. या वयात मृत्यूचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के असते. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांपैकी साधारण निम्मी दगावतात. त्याहून मोठी डुकरे शिंकतात, खोकतात, चार दिवस खाणे कमी करतात आणि बहुतेक बरी होतात. गाभण डुकरीण मात्र गाभडते, किंवा मेलेली, सुकलेली पिल्ले टाकते.

बरे झालेले डुक्कर खरोखर बरे झाले का? दिसायला, हो. पण विषाणू त्याच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत आणि टॉन्सिलमध्ये दबा धरून राहतो, तो जन्मभर. धरणाच्या पाण्याखाली आपले जुने सुपे आहे. वरून नुसते निळे पाणी दिसते, म्हणून गाव नाही असे थोडेच आहे? तसेच हे. मग त्या डुकराला टेम्पोत दाटीवाटीने भरून दूर नेले, डुकरीण व्यायला झाली, थंडी-पावसात उपाशी राहिली, की झोपलेला विषाणू जागा होतो आणि नाकातून बाहेर पडू लागतो. डुक्कर तेव्हाही आजारी दिसेलच असे नाही. शेजारच्या खोपटातली पिल्ले मात्र मरू लागतात.

बाजारातून आणलेल्या नव्या धडधाकट डुकरापाठोपाठ घरची पिल्ले का मरतात, याचे एक उत्तर इथे मिळते. धडधाकट दिसणारे डुक्कर म्हणजे रोगमुक्त डुक्कर नव्हे.

ही पिसाळ की ती पिसाळ?

कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या शरीरात हा विषाणू शिरला तर लपून बसत नाही, सरळ मज्जासंस्थेवर धाव घेतो. जिथून शिरला त्या भागातल्या संवेदनेच्या तंतूंना तो असा काही पेटवतो की तिथे असह्य खाज सुटते. कुत्र्याने रोगी डुकराचे कच्चे मांस, फुप्फुस किंवा डोके खाल्ले असेल तर खाज सुटते ती बहुधा तोंडावर. तो पंजाने तोंड ओरबाडतो, भिंतीला घासतो, लाळ गाळतो, ओरडतो. लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांत तो मरतो. औषध नाही. यातून वाचलेला कुत्रा अगदी विरळा.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख लिहून उपकाराऐवजी अपकारच व्हायचा. लाळ गाळणारा, विचित्र वागणारा कुत्रा पाहून 'ही डुकराची खाज असेल, पिसाळ नव्हे' असा निष्कर्ष कुणीही घरी बसून काढू नये. या रोगाचा कुत्रा सहसा माणसाच्या अंगावर धावून जात नाही आणि पिसाळलेल्या कुत्र्यापेक्षा लवकर मरतो, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण पुस्तकातला कुत्रा वेगळा आणि अंगणातला वेगळा. खरी पिसाळ माणसाला मारते, आणि तिची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय उरत नाही. असा कुत्रा चावला, ओरबाडला किंवा त्याची लाळ जखमेला लागली तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. कुठली पिसाळ, हे प्रयोगशाळेने ठरवावे.

माणसाचे काय? डुकरांतच वावरणाऱ्या शेतकऱ्यांना, कसायांना हा रोग सहसा होत नाही, असा जवळजवळ शंभर वर्षांचा अनुभव होता. मात्र गेल्या काही वर्षांत चीनमध्ये डुकरे कापणाऱ्या आणि मांस हाताळणाऱ्या काही लोकांना या विषाणूमुळे मेंदूज्वर झाल्याचे, काहींची दृष्टी गेल्याचे आढळले आहे. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हाताला काम करताना कापलेले होते. अशा घटना फारच थोड्या आहेत, घाबरून जाण्यासारख्या नाहीत. पण हाताला जखम असताना उघड्या हाताने डुकराचे मांस साफ करू नये, हा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू टिकत नाही.

रान आणि घर

अमेरिकेने १९८९ साली हा रोग मुळापासून काढायचा कार्यक्रम हाती घेतला आणि २००४ पर्यंत सर्व राज्यांतील व्यावसायिक कळप रोगमुक्त केले. जर्मनीचे पाळीव कळप २००३ साली मुक्त ठरले. पण दोन्हीकडे एक दार उघडे राहिले, ते रानाचे. अमेरिकेत मोकाट फिरणाऱ्या रानटी डुकरांत आणि युरोपातल्या रानडुकरांत विषाणू अजून आहे. तिथे शिकारीला नेलेले कुत्रे रानडुकराचे कच्चे मांस खाऊन किंवा त्याच्या रक्ता-लाळेत तोंड घालून दर काही वर्षांनी या खाजेने मरतात. फ्लोरिडात तर संरक्षित अशा पँथरचाही या विषाणूने बळी घेतल्याची नोंद आहे. तो तिथला पुमा जातीचा मोठा मांजरवर्गीय प्राणी. रानटी डुक्कर हे त्याचे नेहमीचे भक्ष्य.

या गोष्टी फ्लोरिडाच्या आणि जर्मनीच्या आहेत. पण वाचताना आपला तालुका डोळ्यापुढे येतो. २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. आपली गावे, वाड्या या जंगलाच्या आतबाहेर पसरलेल्या आहेत. भात पोटरीला आले की रात्री रानडुकरे शेतात उतरतात. कणगे आणि सुरणाचे वाफे उकरतात. ज्या वाटेने ती येतात त्याच वाटेच्या कडेला आपली डुकरे उकिरडा फुंकत असतात. वाघ, बिबटा, कोळसुंदा हे सगळे रानडुकरावर जगतात. म्हणजे घरचे डुक्कर, रानचे डुक्कर, दारातला कुत्रा आणि जंगलातला वाघ एकाच साखळीचे दुवे आहेत. रोग कुठल्याही बाजूने या साखळीत शिरू शकतो, रानातून घरात तसा घरातून रानातही. रानडुकराची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. त्या कायद्याची भीती नसणाऱ्यांनी निदान आपल्या कुत्र्याच्या जिवाचा तरी विचार करावा.

हरवलेल्या तुकड्याची लस

लशीची कथा मला फार आवडली. पुन्हा हंगेरीच! १९६१ साली अडोर्यान बार्था या शास्त्रज्ञाने हा विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवला. एका पिढीतून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे करता करता त्याची मारक शक्ती गेली, पण शरीराला सावध करण्याची ताकद राहिली. हीच 'बार्था के-६१' नावाची प्रसिद्ध लस.

ती इतकी सौम्य का झाली, हे बऱ्याच वर्षांनी कळले. या विषाणूची जनुकीय पोथी सुमारे १ लाख ४३ हजार अक्षरांची आहे. बार्थांच्या विषाणूतून त्या पोथीतले एक पान गळून पडले होते. विषाणूच्या अंगरख्यावरचे 'जी-ई' नावाचे एक प्रथिन त्या पानावर लिहिलेले असते. या गळालेल्या पानाचा पुढे मोठा उपयोग झाला. लस टोचलेल्या डुकराच्या रक्तात विषाणूच्या इतर भागांविरुद्ध प्रतिद्रव्ये सापडतात, जी-ईविरुद्ध सापडत नाहीत. रानातला अस्सल विषाणू लागलेल्या डुकरात जी-ईविरुद्धही सापडतात. म्हणजे रक्ताच्या एका चाचणीने कळते, की हे डुक्कर लशीमुळे तयार आहे की छुपा रोग बाळगून आहे. वरून दोन्ही सारखीच धडधाकट. चाचणी मात्र चोर आणि शिपाई वेगळे करून दाखवते. सगळ्यांना लस द्यायची, रक्त तपासायचे, छुपे रोगी हळूहळू कळपातून काढायचे, या रीतीने अनेक देशांनी हा रोग हद्दपार केला.

लशीचा दुसरा फायदा आपल्या आयाबायांना लगेच कळेल. डुकरिणीला गाभणपणी लस दिली की तिची प्रतिद्रव्ये चिकात उतरतात. पिल्लांनी जन्मल्यावर पहिल्या काही तासांत पोटभर चीक प्याला की सर्वांत नाजूक आठवडे निभावून जातात. गायीच्या चिकाचा आपण खरवस करतो. डुकरिणीचा चीक हीच तिच्या पिल्लांची पहिली लस.

मात्र लस म्हणजे अमरपट्टा नव्हे. लस घेतलेल्या डुकराला रोग सौम्य होतो, त्याच्या नाकातून कमी विषाणू बाहेर पडतो. पण आत आधीच लपून बसलेल्याला लस हुसकावून लावत नाही. चीनमध्ये २०११ च्या अखेरीस लस दिलेल्या कळपांतही रोग उसळला, कारण विषाणूने आपले रूप थोडे बदलले होते. म्हणून लशीच्या जोडीला स्वच्छता आणि शिस्त लागतेच.

आपल्या अंगणात

डुकरांची पिल्ले मेली म्हणजे हाच रोग, असे मात्र नाही. आपल्याकडे नेहमी ऐकू येतात ते दुसरे दोन ज्वर. क्लासिकल स्वाइन फीवर जुना आहे. त्याची लस मिळते आणि ती वेळेवर टोचून घ्यावी. आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात पहिल्यांदा आढळला तो २०२० साली आसाम-अरुणाचलकडे, आणि २०२२ साली तो केरळात वायनाडपर्यंत पोचला. तो मोठ्या डुकरांनाही सोडत नाही आणि भारतात त्यावर वापरात असलेली लस नाही. हे दोन्ही विषाणू वेगळ्या कुळातले. याखेरीज पिल्ले थंडीने मरतात, हगवणीने मरतात, आईखाली चिरडून मरतात. बाहेरून पाहून कारण सांगणे पशुवैद्यालाही कठीण असते.

दिलासा एवढाच, की या सगळ्या रोगांना दूर ठेवण्याचे घरगुती नियम जवळजवळ एकच आहेत आणि त्यांना पैसा फार लागत नाही.

नवे डुक्कर आणले की महिनाभर वेगळे बांधावे. त्याचे खाणे-पाणी, भांडे, झाडू वेगळे. आधी जुन्या डुकरांचे काम उरकावे, मग नव्याकडे जावे. डुकरिणीसाठी दुसऱ्याचा नर आणायचा तर त्याच्या घरी अलीकडे पिल्ले मेली का, डुकरीण गाभडली का, हे विचारायला लाजू नये. सोयरीक जमवताना आपण किती चौकशी करतो!

हॉटेलचे किंवा लग्नघरचे खरकटे निदान अर्धा तास चांगले उकळून, निववून मगच घालावे. कापलेल्या डुकराचे आतडे, फुप्फुस, डोके कच्चे कुत्र्या-मांजराला घालू नये. मेलेले पिल्लू तर मुळीच नाही.

गाय, शेळी आणि डुक्कर एकाच आडोशाला बांधू नयेत. डुकरांच्या वाड्याला रानाच्या बाजूने दुहेरी कुंपण असावे. घरच्या डुकराचे आणि रानडुकराचे नाक एकमेकांना लागणार नाही, एवढे अंतर पाहिजे.

दुसऱ्याच्या वाड्यात जाऊन आल्यावर चपला-बूट धुवावेत, कपडे बदलावेत. हा विषाणू ऊन, कोरडेपणा, साबण आणि ब्लीचिंग पावडर यांच्यापुढे टिकत नाही. थंड आणि ओलसर जागेत मात्र बरेच दिवस तग धरतो. म्हणजे आपला जून ते सप्टेंबर त्याला मानवणारा! वाडा उतारावर, कोरडा आणि उन्हाच्या तोंडाला बांधणे हे अर्धे औषध आहे.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. पिल्ले पाठोपाठ मरू लागली किंवा डुकरीण गाभडली, तर पुरण्याआधी कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्याने औयेस्की रोग कळवण्याच्या रोगांच्या यादीत आहे, दोन्ही स्वाइन फीवरही आहेत. जनावराच्या मालकाने संशय येताच ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला सांगावे आणि आजारी जनावर वेगळे करावे, असे हा कायदा सांगतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, आपल्या पशु आस्पत्रेत, निरोप द्यावा. १९६२ हा जनावरांसाठीचा मदत क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. डॉक्टर येईपर्यंत मेलेले पिल्लू प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, मिळाल्यास बर्फात, कुत्र्यांपासून दूर ठेवावे. मेंदू आणि टॉन्सिल यांचा नमुना ताजा असेल तरच प्रयोगशाळेला काही सांगता येते. नमुना गेल्यावर बाकीची खोल पुरून वर चुना टाकावा. नदीत किंवा रानात फेकू नयेत. काळीचे पाणी पुढे कितीतरी गावे पितात.

आता त्या 'का'चे उत्तर

पुढच्या आठवड्यात तो विद्यार्थी भेटला तेव्हा त्याला समोर बसवून हे सगळे सांगितले. तो हुशार आहे. लगेच म्हणाला, "म्हणजे सर, कुत्र्याने दोन पिल्ले खाल्ली आणि तो बरा आहे, तर आमचा रोग हा नव्हता!"

बहुधा नव्हता. असता तर कुत्रा एवढ्यात गेला असता. पण मग कोणता होता? ते आता कुणालाच सांगता येणार नाही. सहा पिल्ले मातीत गेली, दोन कुत्र्याच्या पोटात. डुकरीण आहे, उरलेले एक पिल्लू आहे, आणि पुढच्या वेताला पुन्हा तेच होईल का, या प्रश्नाला उत्तर नाही. त्या रविवारी कुणी एक फोन केला असता आणि एका पिल्लाचा नमुना घेतला गेला असता, तर निदान नाव कळले असते. नाव कळले की लस आहे की नाही ते कळते, डुकरीण ठेवावी की काढावी ते कळते, शेजाऱ्याला काय सांगावे ते कळते.

"कुत्रा वाचला ते नशीब रे," मी म्हणालो, "पण नशिबावर फी भरता येत नाही."

तो हसला. जाताना म्हणाला, "आजीला सांगतो सर. दृष्ट काढू दे हवी तर. पण आधी फोन."

एवढे जरी घरोघरी झाले तरी पुष्कळ झाले.